कुत्र्यामांजरांची दुकानातली विक्री आणि कायदा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं पुण्यात मी रस्त्यावर सोडून दिलेल्या कुत्र्यामांजरांना कायमचं घर मिळेपर्यंत स्वतःच्या घरी सांभाळते. त्यामुळे फोन सतत चालू असतो. एक फोन येतो, "ताई, चांगलं लॅबचं पिल्लू कुठे मिळेल?" आणि कधीकधी तीन आठवड्यांनी त्याच नंबरवरून, "ताई, पिल्लू काही खात नाहीये, रक्ताचे जुलाब होतायत." या दोन फोनांच्या मधल्या काळात जे घडतं त्याबद्दल आपल्याकडे बऱ्यापैकी चांगले नियम आहेत. ते कोणाला माहीतच नसतात. लोक मला जे प्रश्न विचारतात ते, आणि जे विचारायला हवेत पण विचारत नाहीत तेही, इथे एकत्र केले आहेत.

भारतात दुकानातून कुत्री-मांजरं विकायला बंदी आहे का?

नाही. आपल्याकडे बंदी नाही, नोंदणीची सक्ती आहे. दुकानदाराने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली आणि अटी पाळल्या, तर तो विकू शकतो. नोंदणी नसेल तर विक्री बेकायदा. मग दुकानाला एसी असो, काचेचे पिंजरे असोत, नाहीतर वीस वर्षांचं नाव असो.

नेमके कोणते नियम लागू होतात?

मूळ कायदा १९६० चा, प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेवर होत्या, तेव्हा त्यांनी यासाठी खासगी विधेयक मांडलं. सरकारच असा कायदा आणेल असं पंडित नेहरूंनी सांगितल्यावर त्यांनी ते मागे घेतलं. १९६२ मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झालं आणि त्याच पहिल्या अध्यक्ष झाल्या. इतक्या जुन्या काळात एका बाईंनी हा विषय संसदेत लावून धरला, याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

या कायद्याखाली दोन नियमावल्या आल्या. पहिली २३ मे २०१७ ची, कुत्र्यांचं प्रजनन आणि विक्री यांबद्दल. दुसरी ६ सप्टेंबर २०१८ ची, पाळीव प्राण्यांच्या दुकानांबद्दल. दुसरीत कुत्रा, मांजर, ससा, गिनीपिग, हॅमस्टर, पांढरे उंदीर आणि ज्यांच्या विक्रीला अन्य कायद्याने बंदी नाही असे पक्षी येतात. ब्रीडरला, म्हणजे विकण्यासाठी कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला, पहिली लागू, दुकानदाराला दुसरी, आणि दोन्ही धंदे करणाऱ्याला दोन्ही.

इन्स्टाग्रामवर विकणारा "दुकानदार" धरला जातो का? आणि रविवारच्या बाजारात टोपली घेऊन बसणारा?

दोघेही धरले जातात. २०१८ च्या नियमांत "दुकान" या शब्दाची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवली आहे. आठवडी बाजारातली जागा त्यात येते, ऑनलाइन खरेदी-विक्रीचं व्यासपीठही येतं. "आमचं शॉप नाही हो, आम्ही फक्त पेज चालवतो" हे उत्तर कायद्यात बसत नाही.

२०१७ च्या नियमांत "ब्रीडर"ची व्याख्याही तशीच आहे. मधला दलाल, व्यापारी, बोर्डिंग चालवणारा, सगळे त्यात येतात. आपल्याकडे बरीचशी विक्री याच मधल्या माणसांकडून होते. फोटो एकाच्या मोबाइलवर, पिल्लू दुसऱ्याच्या घरात, पैसे तिसऱ्याच्या खात्यात. टोकन भरलं की पिल्लू खोक्यात घालून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने रवाना. सांगलीहून ठाण्याला येणारं पिल्लू ती अख्खी रात्र कशी काढतं, याचा विचार टोकन भरणाऱ्या भल्या घरातल्या माणसाने केलेला नसतो. कारण त्याला ते कोणी दाखवलेलंच नसतं.

नोंदणी आहे की नाही हे कसं कळणार?

प्रमाणपत्र दाखवायला सांगा. महाराष्ट्रात ते राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाचं असतं. त्यावरचं नाव, पत्ता आणि मुदत वाचा. ब्रीडरची नोंदणी दोन वर्षांची असते, दुकानाची पाच वर्षांची. महापालिकेचा शॉप अ‍ॅक्ट परवाना, जीएसटी नंबर, पशुवैद्याच्या सहीचं लसीकरणाचं पुस्तक ही सगळी कागदपत्रं आपापल्या जागी खरी असतील, पण त्यांतलं एकही या नोंदणीची जागा घेत नाही.

दुकानदाराने टाळाटाळ केली तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचं शुल्क, तीस दिवसांत उत्तर. "माझ्या तालुक्यात नोंदणीकृत पाळीव प्राणी दुकानं व श्वान प्रजनन केंद्रं किती, त्यांची यादी द्यावी" एवढं एक वाक्य लिहिलं तरी पुरतं.

"केसीआय पेपर आहेत" असं सांगतात. मग सगळं कायदेशीर झालं ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यांत जास्त दिसतो, आणि तो तसाच राहण्यात विकणाऱ्याचा फायदा असतो. केनेल क्लब ऑफ इंडिया ही कुत्र्यांच्या वंशावळीची नोंद ठेवणारी संस्था आहे. तिचा कागद पिल्लाचे आई-बाप, आजी-आजोबा कोण ते सांगतो. विकणाऱ्याला विकण्याचा परवाना आहे की नाही, आईला कसं ठेवलं आहे, पिल्लू किती दिवसांचं आहे, यांतलं काहीच त्यावरून कळत नाही. पेपर असलेलं पिल्लूसुद्धा बिनपरवाना ब्रीडरकडून आलेलं असू शकतं.

पिल्लू किती दिवसांचं असलं पाहिजे?

आठ आठवडे, म्हणजे ५६ दिवस. त्याच्या आत विकणं नियमात बसत नाही.

बाजारात मात्र सगळीकडे "४५ दिवसांचं" हाच शब्द चालतो. इतका रुळलाय की लोक मला विचारतात, "५० दिवसांचं झालंय, फार मोठं नाही ना झालं?" हा आकडा आला कुठून? पहिली लस साधारण सहाव्या आठवड्यात दिली जाते. तोवर पिल्लू मऊ खाणं खायला लागलेलं असतं आणि दिसायला अगदी कापसाच्या बोळ्यासारखं असतं. पुढचे दोन आठवडे सांभाळायचं म्हणजे ब्रीडरला खाण्याचा खर्च, साफसफाई आणि मरतुकीची जोखीम. म्हणून ४५. या आकड्यात पिल्लाच्या सोयीचं काहीही नाही.

मधल्या त्या अकरा दिवसांत पिल्लू काय शिकतं ते एकदा बघण्यासारखं असतं. भावंडाचा कान जोरात चावला की ते भावंड किंचाळतं आणि खेळ थांबतो. आईला दात लागले की ती गुरकावून उठून जाते. असं दिवसातून पन्नास वेळा घडतं आणि चावण्याचा जोर किती ठेवायचा हे पिल्लाला कळतं. हे धडे न मिळालेली पिल्लं पुढे घरातल्या मुलांचे हात ओरबाडतात, घरचे म्हणतात "फार चावरं निघालं", आणि आठव्या-नवव्या महिन्यात माझा फोन वाजतो. दुसरी बाब शरीराची. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती याच सुमारास ओसरायला लागते आणि लसीचं संरक्षण अजून पुरतं तयार झालेलं नसतं. नेमक्या त्या दिवसांत त्याला आईपासून तोडून, प्रवास घडवून, दहा अनोळखी पिल्लांच्या पिंजऱ्यात ठेवलं जातं.

वय ओळखायला दात बघा. आठ आठवड्यांच्या सुमारास दुधाचे २८ दात आलेले असतात. बोट फिरवलं आणि मागच्या बाजूला नुसती हिरडी लागली, तर विकणारा वय वाढवून सांगतोय.

पिल्लांच्या आईबद्दल कायदा काय म्हणतो?

दीड वर्षाच्या आत मादीकडून पिल्लं घ्यायची नाहीत. बारा महिन्यांत एकापेक्षा जास्त वेत नाही. आयुष्यभरात पाच वेतांपेक्षा जास्त नाही. आठ वर्षांनंतर बंद. जवळच्या नात्यात मेटिंग नाही. शेपूट कापणं, कान कापून टोकदार करणं, आवाज घालवण्याची शस्त्रक्रिया हेही चालणार नाही. डोबरमनचे उभे कान बघून ज्यांना ती जात तशीच जन्मते असं वाटतं, त्यांनी तो कापलेला कान आहे हे लक्षात घ्यावं.

नियम न पाळणाऱ्यांकडे काय होतं ते मी एका कुत्रीवरून सांगते. कात्रज घाटात कोणीतरी सोडून दिलेली पिवळी लॅब्रेडॉर आमच्याकडे आली. डॉक्टरांच्या अंदाजाने सहा-सात वर्षांची. सड इतके लोंबलेले की चालताना मागच्या पायांना लागायचे. कोपरांवरचे केस जाऊन कातडं हत्तीच्या पायासारखं झालेलं. पायाची बोटं फाकलेली, जाळीवर उभं राहून राहून फाकतात तशी. तीन दिवस ती उंबरा ओलांडेना. उघडा दरवाजा म्हणजे बाहेर जायची वाट, हे तिला ठाऊकच नव्हतं. पहिल्यांदा हिरवळीवर नेली तेव्हा एकेक पाय उचलून झटकत राहिली, जसं काही गवत भाजतंय. शेजारच्या घरात लहान बाळ रडलं की मात्र ती उठायची, कान टवकारायची आणि घरभर शोधत फिरायची. पिल्लं शोधायची ती. त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही.

तिच्या पिल्लांची घरं सुखी असतील. त्यांच्या मोबाइलमध्ये वाढदिवसाचे फोटो असतील. त्यांतल्या कोणीही तिला पाहिलेलं नाही, कारण दुकानात आई नसतेच.

मग पिल्लू घेताना सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न कोणता?

"आई कुठे आहे?" हाच.

फोटो नको, व्हिडिओ नको. पिल्लू जिथे जन्मलं तिथे जाऊन, आईच्या जवळ असलेलं पिल्लू बघायचं. ती पिल्लांना जवळ घेते का, पिल्लं तिच्या अंगाला लुचतात का, ती माणसाला घाबरून कोपऱ्यात जाते का, जागा कशी आहे, एका वेळी किती जातींच्या किती माद्या आहेत. चांगला ब्रीडर हे सगळं आपणहून दाखवतो, उलट तुम्हालाच पन्नास प्रश्न विचारतो. घर केवढं, दिवसभर घरी कोण असतं, आधी कुत्रं पाळलं होतं का. नियमांनुसार विकल्यानंतरही वर्षातून एकदा तरी पिल्लाची खबर घेऊन त्याची नोंद ठेवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. जो माणूस "आई गावाला आहे", "सोसायटीत बाहेरच्यांना सोडत नाहीत, मी हायवेवर पेट्रोल पंपाजवळ घेऊन येतो" असं म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नका.

आमच्याच कुत्रीला पिल्लं झाली. ती विकली तर गुन्हा आहे का?

ओळखीच्या घरी फुकट दिली तर हे नियम आड येत नाहीत. विकण्यासाठी म्हणून मेटिंग करवलंत तर तुम्ही ब्रीडर झालात, मग घरात एकच मादी असली तरी नोंदणी हवी. "एकदा तरी आई झाली पाहिजे, नाहीतर तिची तब्येत बिघडते" हे मी सुशिक्षित घरांतूनही ऐकते. याला वैद्यकीय आधार नाही. नसबंदी केल्याने गर्भाशयात पू होण्याचा धोकाच संपतो आणि स्तनाच्या गाठींचा धोका कमी होतो.

मांजरांचं काय? पर्शियन मांजर तर सगळीकडे मिळतं.

इथे कायद्याला मोठं भोक आहे. २०१७ चे प्रजननाचे नियम फक्त कुत्र्यांसाठी आहेत. मांजरीने वर्षात किती वेळा व्यावं, कोणत्या वयात व्यावं, याबद्दल तसे नियमच नाहीत. दुकानात विकायला ठेवली की २०१८ ची नियमावली लागते, त्याआधीचं सगळं मोकळं.

आणि मांजर पटापट माजावर येते, तिची गर्भावस्था जेमतेम नऊ आठवड्यांची. एका टू-बीएचके फ्लॅटच्या बंद खोलीत दहा पर्शियन माद्या ठेवून धंदा करणारी माणसं आहेत. चपट्या तोंडाच्या पर्शियनला श्वास घ्यायला त्रास, डोळ्यांतून सतत पाणी, अंगावर गजकर्ण, आणि त्या जातीत पिढ्यानपिढ्या चालत आलेला मूत्रपिंडात गाठी होण्याचा आजार. दुकानात विचारलं तर "डोळे सीझनमुळे वाहतायत" असं सांगतात. मांजरीचं पिल्लू बारा आठवडे आईजवळ राहावं असं जाणकार सांगतात. विकणारे सहाव्या आठवड्यातच मोकळे होतात.

पिटबुल आणि रॉटवायलर विकायला बंदी आहे, खरं का?

१२ मार्च २०२४ ला केंद्राने राज्यांना पत्र पाठवून २३ जातींच्या विक्री-प्रजननाला परवाने देऊ नका असं सांगितलं होतं. १० एप्रिल २०२४ ला कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं न ऐकताच ते काढलं होतं. काही शहरांनी आपापल्या पातळीवर निर्बंध घातले आहेत, तेव्हा तुमच्या महापालिकेत विचारून घ्या.

"इंपोर्टेड" पिल्लू म्हणतात ते कायदेशीर असतं का?

विकण्यासाठी परदेशातून कुत्री आणायला परवानगी नाही. कायमचं भारतात परतणारं कुटुंब स्वतःचं कुत्रं-मांजर घेऊन येऊ शकतं, रीतसर आरोग्य दाखले आणि क्वारंटाइन विभागाची परवानगी घेऊन. दुकानदार "इंपोर्टेड" म्हणतो तेव्हा आयातीचे कागद मागा. बहुतेक वेळा पणजोबा परदेशी असतो आणि पिल्लू इथलंच निघतं.

हस्की, सेंट बर्नार्ड हे प्रश्न मला नागपूर-चंद्रपूरहूनही येतात. मे महिन्यात जिथे पारा ४५ च्या वर जातो तिथे बर्फात स्लेज ओढणारं कुत्रं! दिवसभर एसी लावण्याची ऐपत असली तरी, वीज गेल्यावर काय, याचं उत्तर आधी तयार ठेवा. आपल्या मराठवाड्यातल्या कारवानी कुत्र्याला ते ऊन जन्मापासून ठाऊक आहे.

दुकानातून आणलेलं पिल्लू आठवड्यात दगावलं. पैसे परत मिळतील का?

आधी हे बघू की असं का होतं. बहुतेकदा कारण पार्व्हो असतं. या विषाणूची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात. म्हणजे दुकानात पिल्लू उड्या मारत असतं, तुम्ही आनंदाने घरी आणता, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी उलट्या सुरू. दुकानदार म्हणतो, "आमच्याकडे ठणठणीत होतं, तुम्हीच काहीतरी खायला घातलं." तो कदाचित खरंही बोलत असेल, त्याला तसंच दिसलं असेल. पण लागण कुठे झाली हे तारखा मांडल्या की कळतं.

हातात पावती हवी. पावतीवर दुकानाचं नाव, पिल्लाची जात, वय, तारीख आणि रक्कम. सोबत लसीचं पुस्तक, पशुवैद्याचा लेखी अहवाल, व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश. एवढं असेल तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, वकील न लावताही. पावती देत नाही असा दुकानदार असेल तर पिल्लू कितीही आवडलेलं असो, मागे फिरा.

आणि एक विनंती. पार्व्होने पिल्लू गेल्यावर "मुलं फार रडतायत" म्हणून लगेच दुसरं आणू नका. हा विषाणू घरात, फरशीच्या भेगांत, अंथरुणात कित्येक महिने टिकून राहतो. साध्या फिनाइलने जात नाही. ब्लीचचं पाणी लागतं.

दुकानातल्या पिल्लाची अवस्था बघवत नाही. विकत घेऊन त्याला सोडवलं तर?

हा प्रश्न विचारणारी माणसं मनाने फार चांगली असतात, म्हणून उत्तर द्यायला मला जड जातं. नका घेऊ. त्या एका पिल्लाचं भलं होईल यात शंका नाही. पण दुकानदाराच्या हिशोबात ती एक विक्री असते. पिंजरा रिकामा झाला की संध्याकाळी तो फोन करतो आणि दोन दिवसांत तिथे नवं पिल्लू येतं. त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला कात्रजला सापडलेल्या लॅबसारखी एक मादी असते.

त्याऐवजी तिथे उभं राहून मोबाइलवर चित्रण करा, तारीख-वेळ नोंदवा आणि तक्रार करा. पिल्लू मरणपंथाला लागलेलं दिसत असेल तर तिथूनच प्राणी संस्थेला आणि पोलिसांना फोन लावा.

इतर देशांनी काय केलं?

इंग्लंडची गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते. लुसी नावाची कॅव्हॅलियर स्पॅनियल २०१३ मध्ये वेल्समधल्या एका पिल्लांच्या कारखान्यातून सुटली. पिंजऱ्यात राहून राहून तिची कंबर आखडलेली, पाठीचा कणा वाकलेला. २०१६ मध्ये ती गेली. मार्क एब्रहम या पशुवैद्याने आणि त्याच्या साथीदारांनी तिच्या नावाने मोहीम चालवली आणि ६ एप्रिल २०२० पासून तिथे "लुसीचा कायदा" लागू झाला. सहा महिन्यांच्या आतलं कुत्र्या-मांजराचं पिल्लू मधल्या कोणी विकायचंच नाही. थेट ब्रीडरकडून घ्या, किंवा संस्थेतून दत्तक घ्या. आणि ब्रीडरने पिल्लू आईसोबतच दाखवलं पाहिजे. मी वर सांगितलेला "आई कुठे आहे?" हा प्रश्न त्यांनी कायद्यातच लिहून टाकला.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०१९ पासून दुकानांना ब्रीडरकडची कुत्री, मांजरं, ससे विकायला बंदी केली. फक्त निवारा संस्थांकडचे प्राणी ठेवायची मुभा दिली. यात पळवाट निघालीच. कारखान्यांतली पिल्लं खोट्या "रेस्क्यू" संस्थांच्या नावावर दाखवून दुकानात येऊ लागली. मग २०२१ पासून नवा कायदा आला : दुकानाने संस्थेला फक्त जागा द्यायची, त्यात एक पैशाचाही व्यवहार ठेवायचा नाही. न्यूयॉर्क राज्याची बंदी १५ डिसेंबर २०२४ पासून सुरू झाली. कॅलिफोर्नियातल्या बे एरियात किंवा न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींना म्हणूनच दुकानात पिल्लू दिसत नाही. तिथे कोणी मॉलमध्ये विकताना दिसलं तर ते बेकायदा आहे.

फ्रान्सने १ जानेवारी २०२४ पासून दुकानातली कुत्र्यामांजरांची विक्री थांबवली. त्यांची दुसरी अट मला फार आवडते. प्राणी घेण्याआधी त्याच्या गरजा समजल्याचं प्रमाणपत्र सही करून द्यायचं, आणि सहीनंतर सात दिवस थांबायचं. मुलाच्या वाढदिवसाला सकाळी ठरवून संध्याकाळी पिल्लू आणणं तिथे जमतच नाही.

बंदी घातली की धंदा चोरून चालेल, मग आपल्याकडची नोंदणीच बरी नाही का?

हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. इंग्लंडमध्येही पळवाटा काढणारे आहेत. तरी माझं मत बंदीच्या बाजूने आहे, आणि कारण साधं आहे. दुकान चालू आहे की बंद, हे बघायला एक शिपाईसुद्धा पुरतो. ४०० चौरस फुटांच्या दुकानात नोंदणीच्या प्रत्येक अटीचं पालन होतंय का हे बघायला पशुवैद्य लागतो, वेळ लागतो, पुन्हापुन्हा जावं लागतं. पशुसंवर्धन खात्याकडे गाईगुरांच्या लसीकरणालाच माणसं कमी पडतात. जो नियम राबवायला माणूस नाही तो नियम प्रामाणिक दुकानदारालाच तेवढा जाचतो.

नियम मोडणाऱ्याला शिक्षा काय?

नियम मोडल्याबद्दल १९६० च्या कायद्याच्या कलम ३८ खाली १०० रुपयांपर्यंत दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. क्रूरतेसाठी कलम ११ आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. वाचताना चूक झाली असं वाटलं असेल, म्हणून पुन्हा लिहिते : पन्नास रुपये. १९६० मध्ये ती रक्कम लोकांना जाणवत होती. आज एका वेतात सात पिल्लं आणि पिल्लामागे दहा हजार धरले तर सत्तर हजार होतात. त्यासमोर पन्नास रुपये, म्हणजे दोन वडापाव.

सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू या तमिळनाडूतल्या बैलांच्या खेळाबद्दलच्या २०१४ च्या निकालात, जरब बसेल अशी शिक्षा व्हावी म्हणून संसदेने या कायद्यात दुरुस्ती करावी अशी अपेक्षा व्यक्त केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्धही केला. प्राण्याला जायबंदी केलं किंवा मारलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं. त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रारीत प्राणी मेल्याचा किंवा कायमचा अधू झाल्याचा पुरावा असेल तर या कलमाचा उल्लेख जरूर करा.

दुकानात पोपट आणि कासवंही दिसतात.

आपला हिरवा पोपट आणि तारा कासव हे वन्यजीव आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांची विक्री आणि पाळणं दोन्ही गुन्हा आहे. ही तक्रार वनखात्याकडे करायची, आणि माझ्या अनुभवात वनखातं लवकर हालचाल करतं.

तक्रार कुठे करायची?

लेखी करा. तोंडी तक्रार हवेत विरते. दुकानाचा पूर्ण पत्ता, भेटीची तारीख-वेळ, काय दिसलं ते साध्या शब्दांत, सोबत फोटो. "फार वाईट परिस्थिती आहे" असं लिहू नका. "दीड फूट बाय दोन फूट पिंजऱ्यात पाच पिल्लं, पाण्याचं भांडं नाही, दोन पिल्लांच्या मागच्या बाजूला विष्ठा वाळलेली" असं लिहा.

अर्ज जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे द्या. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, त्यामुळे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक-जावक टेबलावर देता येतो. एक प्रत राज्य प्राणी कल्याण मंडळाला, एक प्रत स्थानिक पोलीस ठाण्याला. प्रत्येक प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. पंधरा दिवसांनी पोचपावतीचा फोटो जोडून स्मरणपत्र द्या. पहिल्या तक्रारीला उत्तर येत नाही म्हणून बहुतेक जण थांबतात. तिसऱ्या पत्रावर तपासणी झालेली मी स्वतः पाहिली आहे.

मग विकत न घेता प्राणी आणायचा कुठून?

मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना ठाऊक आहे. ते चालवणारी संस्था १८७४ पासूनची. बाकी प्रत्येक मोठ्या शहरात आज दत्तक शिबिरं होतात. गावठी पिल्लं तर मिळतातच, पण ज्यांना लॅब, पग किंवा पर्शियनच हवं असतं त्यांनाही मी थांबायला सांगते, कारण बदली झाली, बाळ झालं, ॲलर्जी निघाली म्हणून सोडलेले जातिवंत प्राणी सतत येत असतात. वर सांगितलेली लॅब आता नाशिकला एका निवृत्त जोडप्याकडे आहे. उंबरा ओलांडते. सकाळी दुधाची पिशवी आली की दाराशी जाऊन बसते.

धाड पडून जप्त झालेल्या प्राण्यांचं पुढे काय होतं?

२०१७ मध्येच यासाठी वेगळे नियम झाले. खटला चालू असताना प्राणी आरोपीकडे न ठेवता संस्थेकडे, पांजरपोळात किंवा निवाऱ्यात ठेवायचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात, आणि त्याचा खर्च आरोपीकडून घेता येतो. अडचण जागेची येते. एका धाडीत तीसचाळीस जीव सुटतात आणि शहरातल्या निवाऱ्यांत आधीच पाय ठेवायला जागा नसते. अधिकारी कधीकधी धाड पुढे ढकलतात ती याच कारणाने. म्हणून तक्रार करणाऱ्यांना मी एकच गोष्ट विचारते : खटला उभा राहीपर्यंत एका पिल्लाला दोन महिने घरी ठेवाल का? खाणं आणि औषधं संस्था देते. तुमच्याकडून गॅलरीचा एक कोपरा, जुनी चादर आणि दिवसातून चार वेळा फरशी पुसायची तयारी लागते. अर्जासोबत अशा दहा घरांची यादी जोडली, तर अधिकाऱ्याचं पुढचं काम पुष्कळ सोपं होतं.